दारू सुटली, पण जीव घाबरा होतो : औषध घ्यावे की समुपदेशनाने भागेल?

(वाचकांची पत्रे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे वगळली आहेत. उत्तरे आमच्या मानसोपचारतज्ज्ञ स्तंभलेखकांची.)

प्रश्न : माझे वय ४३ आहे. सांगली जिल्ह्यातील एका सहकारी संस्थेत मी लेखनिक आहे. बरीच वर्षे दारू प्यालो. पाच महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतले आणि तेव्हापासून एकदाही घेतलेली नाही. दर आठवड्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडलेल्यांच्या परस्पर-मदत गटाच्या) मीटिंगला जातो. मात्र गेले दोन-अडीच महिने जीव सारखा घाबरा होतो. पहाटे चारला जाग येते आणि छाती धडधडू लागते. ऑफिसात कोणी समोर उभे असताना सही करायची वेळ आली की हात कापतो. लग्नकार्याला जाणे मी बंद केले आहे. खरे सांगायचे तर चारचौघांत बोलण्याची भीती मला कॉलेजपासूनच होती. दोन पेग घेतले की ती जात असे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलामच्या गोळ्या दिल्या. पहिली गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात इतके बरे वाटले की मीच घाबरलो आणि पाकीट कपाटात ठेवून दिले. मीटिंगमधले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, "गोळीवर राहिलास तर तू सोबर कसला?" पत्नी म्हणते, मानसोपचारतज्ज्ञांकडे चला. औषध घ्यावे की केवळ समुपदेशनाने भागेल? औषध घेतले तर मी पुन्हा व्यसनातच पडेन का?

उत्तर : अर्ध्या तासात बरे वाटले म्हणून तुम्ही घाबरलात, हे तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे आणि ती भीती रास्त आहे. आपल्या मेंदूत चेतापेशींची उत्तेजना आवरणारे गाबा नावाचे रसायन असते. दारू त्याचा परिणाम वाढवते आणि अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही बेंझोडायझेपिन गटातील औषधेही त्याच ठिकाणी काम करतात. तुम्ही केंद्रात दाखल झालात तेव्हा पहिले काही दिवस याच गटातील क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम तुम्हाला दिले गेले असण्याची शक्यता आहे, कारण दारू एकदम थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत येऊ शकणारे फिटचे झटके आणि त्यानंतर उद्भवू शकणारा वातभ्रम (भान सुटून भास होणे) टाळण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. तेथे हे औषध जीव वाचवते. पण ते आठवडाभर किंवा थोडे अधिक, रोज डोस कमी करत आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली. पाच महिन्यांनी, घरच्या कपाटात, "लागली तर घे" अशा सूचनेसह तेच औषध ठेवणे ही निराळी गोष्ट झाली.

व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाने चिंतेचे औषध निवडताना माझ्या मते एक कसोटी सर्वांत आधी लावावी : हे औषध किती वेळात आराम देते? अस्वस्थ वाटले की काहीतरी घ्यायचे आणि थोड्याच वेळात मोकळे व्हायचे, हा धडा तुमच्या मेंदूने दारूकडून हजारो वेळा गिरवून घेतला आहे. अर्ध्या तासात सुटका करणारी गोळी तोच धडा पुढे चालवते, मग ती डॉक्टरांनी लिहून दिलेली का असेना. जे औषध रोज ठरल्या वेळी घ्यावे लागते, घेतल्यावर लगेच काहीच जाणवत नाही आणि ज्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्याची तलफ येत नाही. कपाटातले ते पाकीट तुमच्या डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला परत द्या. तुम्ही एखाद-दुसरीच गोळी घेतली असल्याने ती थांबवण्यात धोका नाही. जे रोज घेत आहेत त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे. तो पुढच्या उत्तरात दिला आहे.

आता ही चिंता कोणत्या जातीची आहे ते पाहू, कारण औषध की समुपदेशन हा निर्णय त्यावर अवलंबून आहे. दारू थांबल्यावर पहिल्या काही दिवसांत येणारी घालमेल, घाम, थरथर ही बहुतांशी शरीर दारूवाचून जगायला शिकत असल्याची खूण असते आणि ती आठवडाभरात बरीचशी ओसरते. झोपेची घडी बसायला मात्र कित्येक महिने लागू शकतात. म्हणूनच दारू सोडून सुमारे चार आठवडे होईपर्यंत 'हा चिंतेचा स्वतंत्र आजार आहे' असा शिक्का मारण्याची घाई आम्ही करत नाही. तुमच्या बाबतीत पाच महिने उलटले आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भीती दारूच्या आधीपासूनची आहे. लोक आपल्याकडे पाहतील, आपला हात कापताना त्यांना दिसेल, या धास्तीने माणसे टाळणे हे सामाजिक भयाच्या आजाराचे नेमके वर्णन आहे. हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो, आणि तो असलेल्या पुष्कळांना दारू हे पहिले 'औषध' वाटते. दारू गेली आणि तिच्याखाली झाकलेला आजार उघडा पडला, असे तुमचे झाले असावे. यापुढे थांबून पाहण्यात काही हशील नाही. हा आजार आपोआप क्वचितच जातो आणि उपचारांवाचून राहिला तर पुन्हा दारूकडे नेऊ शकतो.

तरीही तपासणीआधी निदान पक्के करू नये. थायरॉईडची तपासणी, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, जीवनसत्त्व बी-१२ आणि यकृताच्या चाचण्या करून घ्या. धडधड आणि हाताला कंप ही वाढलेल्या थायरॉईडचीही लक्षणे आहेत. दारू सुटल्यावर चहा आणि तंबाखू किती वाढले, तेही डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगा, कारण दिवसाकाठी सात-आठ कप चहा एवढेसुद्धा धडधडीला आणि पहाटेच्या जागेला पुरेसे असते. रोज पहाटे लवकर जाग येण्यासोबत कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे असेही काही असेल, तर ते नैराश्य असू शकते. मरणाचे विचार येत असतील तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे; २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेवर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

औषधांविषयी. सामाजिक भय, सततची चिंता आणि भयाचे झटके या तिन्हींसाठी पहिली पसंती सिरोटोनिन या मेंदूतील रसायनावर काम करणाऱ्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या गटाला दिली जाते. या गोळ्यांनी नशा येत नाही, त्यांची तलफ येत नाही आणि त्यांचा डोस हळूहळू वाढवत नेण्याची ओढही लागत नाही. पहिला आठवडा-दोन आठवडे मळमळ, डोके जड होणे आणि कधीकधी बेचैनी उलट वाढणे असे होते. नेमक्या याच टप्प्यावर "औषध मानवत नाही" म्हणून पुष्कळ जण ते सोडतात, आणि ज्याला पूर्वी पिऊन बेचैनी घालवायची सवय होती त्याच्यासाठी हा टप्पा अधिकच नाजूक असतो. म्हणून अशा रुग्णाला आम्ही नेहमीच्या निम्म्या डोसने सुरुवात करतो; उदाहरणार्थ, एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमपासून किंवा सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमपासून. गुण दिसू लागायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सामाजिक भयाच्या बाबतीत पूर्ण अंदाज यायला आठ ते बारा आठवडेही जातात. बरे वाटू लागल्यावरही वर्षभर तरी औषध चालू ठेवून मग ते पायरीपायरीने कमी करावे. एकदम थांबवले तर चक्कर, चिडचिड, विजेचा बारीक झटका बसल्यासारखे वाटणे असे काही दिवस होते. हा त्रास खरा आहे, पण ते व्यसन नव्हे. लैंगिक इच्छा मंदावणे हा दुष्परिणाम बऱ्याच जणांना होतो आणि संकोचाने कोणी तो सांगत नाही. तो सांगा, कारण डोस किंवा औषध बदलता येते. ॲस्पिरिन अथवा वेदनाशामक गोळ्या नेहमी घेत असाल, किंवा यकृताचा आजार पुढे गेलेला असेल, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तेही आधीच सांगायला हवे. याच कुळाच्या शेजारचे ड्युलोक्सेटिन मात्र यकृताला दारूने इजा झालेल्यांना देऊ नये.

सिरोटोनिन गटातील औषध न मानवल्यास सततच्या चिंतेसाठी बस्पिरोन हा एक पर्याय आहे. त्याचीही सवय लागत नाही, पण ते रोज दोन-तीन वेळा न चुकता घ्यावे लागते. प्रिगॅबालिन मात्र सांभाळून घ्यावे. मज्जातंतूंच्या वेदनांसाठी ते आपल्याकडे सर्रास लिहिले जाते आणि चिंतेवरही काम करते. परंतु ज्यांना आधी एखादे व्यसन होते त्यांच्यात त्याचा गैरवापर दिसून आला आहे आणि ब्रिटनने २०१९ मध्ये त्याला नियंत्रित औषधांच्या यादीत टाकले. सही करताना हात कापतो म्हणून कोणी प्रोप्रॅनोलॉल सुचवेल. त्याचे व्यसन लागत नाही, आणि दमा नसेल तर एखाद्या प्रसंगापुरते ते चालते. तरी रोजच्या सहीसाठी मी ते देणार नाही, कारण "गोळी घेतली म्हणून सही जमली" हा नवा समज त्यातून तयार होतो, आणि आपल्याला नेमका तोच मोडायचा आहे.

तुमच्या मीटिंगमधील ज्येष्ठांविषयी मला आदर आहे. कित्येकांचे संसार अशा माणसांनी सावरले आहेत, आणि गोळ्यांवर अडकलेले सोबती त्यांनी पाहिले असणार, म्हणूनच ते इतके कडक बोलतात. पण १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीची स्वतःची भूमिका अशी आहे की कोणत्याही सदस्याने दुसऱ्या सदस्यासाठी डॉक्टर होऊ नये. आणि सांगितल्याप्रमाणे घेतलेले, नशा न आणणारे औषध सोबर राहण्याच्या आड येत नाही. आपल्याकडेही व्यसनमुक्तीचे काम मानसोपचाराच्या हातात हात घालूनच वाढले. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या. मीटिंग सोडू नका. औषधाचा वाद मात्र तेथे घालू नका.

आता समुपदेशन. औषधाने चिंता उतरली म्हणून पिण्याची ओढ आपोआप कमी होते, असे नाही. सामाजिक भय आणि दारू अशा दोन्ही अडचणी असलेल्या लोकांना पॅरोक्सेटिन देऊन झालेल्या अभ्यासात भीती कमी झाली, पिण्याच्या प्रमाणात मात्र फारसा फरक पडला नाही. उरलेले काम बोलण्यातून आणि सरावातून करावे लागते. त्यासाठी विचार व वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती सर्वांत उपयोगी ठरते. अल्बर्ट एलिस यांची, कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकाला परिचित आहे. तीही याच घराण्यातली. साधारण बारा ते सोळा आठवडे, आठवड्यातून एक बैठक आणि मधल्या दिवसांत घरचा अभ्यास, असे तिचे स्वरूप असते. नुसते मन मोकळे करण्याला तुम्ही समुपदेशन समजत असाल, तर तेवढ्याने भागणार नाही.

सहीचेच उदाहरण घेऊ. आधी वहीत लिहायचे : सही करताना काय होईल असे वाटते? "हात कापेल, समोरचा म्हणेल, हा अजून पितो." मग लपवण्याच्या युक्त्या लिहायच्या : पेन घट्ट धरणे, कागद केबिनमध्ये नेऊन सही करणे, घाईने रेघ ओढणे. त्यानंतर घरी पत्नी शेजारी पाहत असताना दहा सह्या, मग पोस्टाच्या खिडकीपाशी उभे राहून अर्ज भरणे, मग ऑफिसात एका सहकाऱ्यासमोर, आणि शेवटी मुद्दाम हात किंचित हलवत, पेन सैल धरून सभासदासमोर सही. प्रत्येक वेळी वहीत दुसरा रकाना भरायचा : प्रत्यक्षात काय झाले? बहुतेकदा तेथे "त्याने पावती घेतली आणि गेला" एवढेच लिहावे लागते. भीती चढते, काही वेळ टिकते आणि काहीही न घेता उतरते, हे शरीराला या मार्गानेच पटते. अल्प्राझोलाम घेऊन हा सराव केला तर नेमके हेच शिकणे अडते.

तुमच्यासाठी यात दोन बदल करायला हवेत, आणि समुपदेशकाला व्यसनाचा अनुभव नसेल तर ते त्याच्या लक्षात येणार नाहीत. पहिला असा की सरावाने चिंता मुद्दाम वाढवली जाते आणि चिंतेबरोबर पिण्याची ओढही वाढू शकते. म्हणून अवघड पायरी मीटिंगच्या दिवशी, मीटिंगच्या आधी घ्यावी. दुसरा असा की हळदीच्या रात्रीचा कार्यक्रम ही भीतीची पायरी असली तरी ती दारूचीही जागा आहे. तेथे जाणे सर्वांत शेवटी, आग्रह झाला तर काय बोलायचे हे आधी घोकून आणि निघून येण्याची सोय ठेवून. लग्नाला मात्र अक्षतांना जाऊन यायला आतापासून हरकत नाही. कोणी विपश्यनेचे दहा दिवसांचे मौन शिबिर सुचवले तर ते तूर्त पुढे ढकला. पाच महिन्यांच्या सोबर माणसाने दहा दिवस एकट्याने स्वतःच्या धडधडीसोबत बसावे असे मला वाटत नाही. त्या शिबिरांच्या अर्जातही मानसिक आजार आणि चालू औषधे यांची माहिती विचारतात ती उगाच नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर : लक्षणे सौम्य असती तर मी आधी समुपदेशनच सुचवले असते. तुम्ही माणसे टाळू लागला आहात, झोप मोडली आहे आणि कामावर परिणाम होऊ लागला आहे, म्हणून दोन्ही एकत्र सुरू करा. भेटीला जाताना केंद्राचे डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची पाकिटे सोबत न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "मी दारूतून बाहेर आलो आहे, सवय लागणारे औषध मला नको."

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. त्याने वर्षापूर्वी दारू सोडली, पण झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी तो दोन वर्षांपासून रोज घेतो आणि आता एकाऐवजी तीन घेतो. ओळखीच्या दुकानदाराकडून त्या मिळतात. यजमान म्हणतात, सगळ्या गोळ्या फेकून देऊ, चार दिवस त्रास होईल आणि सुटेल. तसे करावे का? — नागपूर

उत्तर : ताई, कृपा करून तसे करू नका. इतके दिवस रोज घेतलेली ही गोळी एकदम तोडली तर फिटचे झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. दारू सोडताना केंद्रात जी काळजी घेतली जाते तीच येथेही घ्यावी लागते. मानसोपचारतज्ज्ञ बहुधा त्याला हळू उतरणाऱ्या डायझेपामवर नेतील किंवा आहे तीच गोळी टप्प्याटप्प्याने कमी करतील. दर दोन-चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के कपात हा सुरक्षित वेग मानला जातो. म्हणजे हे काम काही महिन्यांचे आहे, आणि मध्ये एखाद्या टप्प्यावर थांबावे लागले तर ती माघार समजू नये. डॉक्टरांची भेट होईपर्यंत डोस आहे तेवढाच राहू द्या, वाढू देऊ नका. गोळ्यांचा साठा तुमच्याकडे ठेवून रोजच्या रोज त्याच्या हातात द्या, मात्र हे त्याच्याशी बोलून, त्याला विश्वासात घेऊन करा. या काळात त्याने पुन्हा दारू घेतली तर दोन्ही मिळून श्वास मंदावण्याचा धोका असतो. अशा वेळी तो उठवूनही नीट जागा होत नसेल तर ताबडतोब इस्पितळ गाठा.

दुकानदाराविषयी एवढेच सांगते की अल्प्राझोलाम हे एच-१ अनुसूचीतील औषध आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, आणि विकल्यावर रुग्ण व डॉक्टर यांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ओळखीने मिळणाऱ्या गोळ्या बंद झाल्याशिवाय कोणतीही कपात टिकणार नाही, म्हणून यजमानांनी फेकाफेकी करण्यापेक्षा डॉक्टरांची योजना हाती आल्यावर त्या दुकानात जाऊन शांतपणे बोलावे. झोपेसाठी मुलाने निद्रानाशावरील विचार-वर्तन उपचार घ्यावेत; ठरावीक वेळी उठणे, झोप आल्यावरच अंथरुणावर जाणे अशा साध्या वाटणाऱ्या नियमांवर ते उभे आहेत आणि दीर्घकाळच्या निद्रानाशात गोळीपेक्षा अधिक टिकाऊ ठरतात.

प्रश्न : माझे पती दारू सोडण्याची डायसल्फिरामची गोळी स्वतःहून रोज घेतात. घबराट होते म्हणून नातेवाइकांनी अश्वगंधारिष्ट सुचवले, 'आयुर्वेदिक आहे, सवय लागत नाही' म्हणून. ते सुरू केल्यापासून संध्याकाळी चेहरा लाल होतो आणि धडधड वाढते. चिंता वाढली आहे का? — ठाणे

उत्तर : अरिष्टे थांबवा आणि आजच डॉक्टरांना कळवा. आसवे आणि अरिष्टे आंबवून केलेली असतात आणि त्यांत आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो. बाटलीवरील बारीक अक्षरांत तसा उल्लेख सापडेल. डायसल्फिराम चालू असताना थोडासा अल्कोहोलही चेहरा लाल होणे, मळमळ, डोके ठणकणे आणि जोराची धडधड असे सारे घडवून आणतो. ही लक्षणे घबराटीच्या झटक्यासारखीच दिसतात, म्हणून तुमची गल्लत होणे स्वाभाविक आहे. छातीत दुखले, चक्कर येऊन पडायला झाले किंवा श्वास लागला, तर वाट न पाहता इस्पितळात न्या.

डायसल्फिराम बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकतो, हे लक्षात ठेवा. अल्कोहोल टाळण्याचा हा नियम खोकल्याच्या काही औषधांना, होमिओपॅथीच्या अर्कांना आणि अल्कोहोल असलेल्या माऊथवॉशलाही लागू आहे. अश्वगंधेचे चूर्ण किंवा गोळी घ्यावी का, असे तुम्ही पुढे विचाराल. त्यात अल्कोहोल नसला तरी अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि डायसल्फिरामही क्वचित यकृताला त्रास देते, त्यामुळे दारूने आधीच थकलेल्या यकृतावर हे दोन्ही एकत्र नकोत. धडधड अरिष्ट थांबवल्यावर आठवडाभराने उरली तर ती चिंता समजून वर सांगितलेल्या वाटेने तपासून घ्या. पुढच्या भेटीला अरिष्टाची बाटली सोबत घेऊन जा, म्हणजे डॉक्टरांना लेबल पाहता येईल.